झटका मशीन आणि काळी राळ

नव्या ट्रान्सफॉर्मरचे पाय जुन्यापेक्षा पाच मिलिमीटर जास्त अंतरावर होते. मिल्टन इरिबार्नेने ते अंतर तीनदा मोजले: एकदा चष्मा लावून, एकदा चष्मा पुसून आणि एकदा बायकोला मोजायला लावून. तिन्ही वेळा पाचच भरले.

"पाच मिलिमीटरसाठी एवढं तोंड पाडायचं?" ग्लादिस म्हणाली. "माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा एक पाय दोन सेंटिमीटर आखूड आहे. तरी टँगो करतो."

पण ट्रान्सफॉर्मरला टँगो येत नाही. त्याचे चार पाय सर्किट बोर्डाच्या चार भोकांत बसावे लागतात, आणि ती भोके एकोणीसशे चौऱ्याण्णव साली जिथे पाडायची ठरली होती तिथेच आजवर पाडली जात होती. जुना ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा म्हातारा यंदा जुलैत वारला. त्याच्या जागी आलेला माल चांगला होता, स्वस्त होता, फक्त फाकलेला होता.

कार्दोना गावात मिल्टन तीस वर्षे झटका मशीन बनवत होता. कुंपणाच्या तारेत दर सेकंदाला एक झटका सोडणारे हे यंत्र. गाय एकदा नाक लावते आणि जन्मभर लक्षात ठेवते. पंचक्रोशीतल्या निम्म्या गाई मिल्टनला अशा रीतीने नाकाने ओळखत होत्या. माणसे त्याला 'इंजिनिअर' म्हणत. तो इंजिनिअर नव्हता. पहिल्या वर्षी त्याने दोघातिघांची ही चूक सुधारली, मग कंटाळला. लोकांना कंटाळा आला नाही.

यंदा दूधसंघाने साठ मशीन मागवली होती. संघाची सचिव नीबिया नीट बोलणारी बाई होती, पण तिचे बोलणे ऐकताना पावती फाडल्यासारखा आवाज येई. "हे पाहा डॉन मिल्टन," ती नावामागे आदराचे 'डॉन' लावत म्हणाली, "सप्टेंबरअखेर गाई नव्या कुरणात जातात. तीस तारखेला माझ्या दारात साठ खोकी नसली, तर ब्राझीलच्या कंपनीचा कागद टेबलावर आहे. सही तेवढी बाकी आहे." संघ सोडला तर मिल्टनला आता दुसरे गिऱ्हाईक राहिले नव्हते. हे तिलाही ठाऊक होते, म्हणून ती ते बोलली नाही.

तर चार भोके पाच मिलिमीटर सरकवायची. त्यासाठी मूळ आराखडा हवा. आराखडा होता, एका फ्लॉपीवर, बिस्किटांच्या डब्यात. पण तो ज्या प्रोग्रॅममध्ये काढला होता तो एकाच कॉम्प्युटरवर चालायचा, आणि तो कॉम्प्युटर गेल्या वर्षी, दर ऑगस्टअखेर येणाऱ्या सांता रोसाच्या वादळात गेला. वीज टेलिफोनच्या तारेतून आली. मिल्टन आपल्या प्रत्येक मशीनबरोबर एक पत्रक देतो. त्यातले दुसरे वाक्य असे: 'वादळाची चिन्हे दिसताच सर्व तारा काढून ठेवाव्यात, आळस करू नये.' त्या पत्रकांचा गठ्ठा त्या वेळी कॉम्प्युटरवरच ठेवलेला होता. खालची चाळीस पत्रके जळली. गावात त्याने सांगितले, की कॉम्प्युटर जुना झाला होता, मोडीत काढला.

आता नवे सॉफ्टवेअर हवे होते. स्वस्त, आणि तीस वर्षांपूर्वीची फाईल उघडणारे. ही मागणी मिल्टनला साधी वाटली होती. पण बाजारात या दोन गोष्टी एकमेकींशी बोलत नाहीत, हे त्याला हळूहळू कळले.

आधी फ्लॉपी वाचायची कशात, हा प्रश्न होता. तो अमाउरीने सोडवला. अमाउरी म्हणजे समोरच्या घरातला निवृत्त औषधवाला. बगलेत थर्मास, हातात माते नावाच्या कडू चहाचा पेला, आणि कुठल्याही विषयावर तिसऱ्या घोटाला मत तयार. "वकिलाकडे बघ," तो म्हणाला. "त्यांच्याकडे काही फेकत नाहीत." खरेच, वकिलाच्या कार्यालयात फ्लॉपीचे यंत्र सापडले. ते एका कपाटाच्या पायाखाली टेकू म्हणून दिलेले होते. वकिलाने ते दिले, पण त्या जाडीचे दुसरे काहीतरी आणून द्या म्हणाला. मिल्टनने घरातले प्रार्थनेचे पुस्तक नेऊन दिले. ग्लादिसला हे अजून माहीत नाही.

फाईल निघाली. मग प्रोग्रॅम शोधणे सुरू झाले.

पहिला प्रोग्रॅम जगप्रसिद्ध होता. सगळे उघडतो म्हणे. त्याची वर्षाची वर्गणी एका गाभण कालवडीएवढी होती, आणि ती दर वर्षी. "कालवड निदान वासरू तरी देते," अमाउरी म्हणाला. दुसरा फुकट होता. जगभरच्या भल्या माणसांनी मिळून केलेला. त्याने फाईलकडे पाहिले आणि 'हे स्वरूप ओळखता आले नाही' असे नम्रपणे कळवले. मिल्टनने त्या भल्या माणसांना पत्र लिहिले. फिनलंडमधून उत्तर आले, की आपला प्रश्न फार रंजक आहे, परंतु तो जुना प्रोग्रॅम बंद पडल्यावर सहा वर्षांनी माझा जन्म झाला. तिसऱ्याने फाईल उघडली. मिल्टनने ग्लादिसला हाक मारली, अमाउरीने थर्मास खाली ठेवला, आणि तेवढ्यात पडद्यावर सूचना आली, की बिनपैशाच्या आवृत्तीत फक्त पोस्टकार्डाएवढा बोर्ड जतन करता येईल. मिल्टनचा बोर्ड दोन सेंटिमीटरने मोठा होता.

"काप," अमाउरी म्हणाला.

"काय काप?"

"दोन सेंटिमीटर. कडेला काही महत्त्वाचं नसतं. गोळ्यांचं पाकीटसुद्धा आम्ही कडेनं कापायचो."

"कडेला पंधराशे व्होल्ट आहेत, अमाउरी."

"मग थोडं आतून काप."

चौथा प्रोग्रॅम ब्राझीलमध्ये पेलोतासच्या एका निवृत्त माणसाने स्वतःपुरता लिहिलेला होता. जुन्या फाईली उघडायच्या, दुरुस्त करायच्या, कारखान्याला पाठवायच्या, बस्स. किंमत एका कोकराएवढी, आणि तीही एकदाच. मिल्टनच्या डोळ्यांत पाणी आले. कार्ड काढून त्याने आकडे टाकले आणि बँकेने नकार दिला.

बँकेत खिडकीवर एक तरुण मुलगी होती. परदेशी पैसे पाठवायचे तर कारण द्यावे लागते, आणि कारण तिच्या यादीतलेच असावे लागते. प्रवास, शिक्षण, औषधोपचार, भेट.

"जुनी फाईल उघडणे," मिल्टन म्हणाला.

"ते नाहीये." तिने यादी पुन्हा वर-खाली केली. "भेट टाकू का? भेटीला कोणी काही विचारत नाही." मग तिनेच विचारले, "घेणाऱ्याशी नातं?"

"नातं कसलं? ओळखसुद्धा नाही."

"मित्र टाकते. निमित्त? वाढदिवस टाकते."

आठ दिवसांनी प्रोग्रॅम आला, आणि त्याबरोबर पेलोतासहून एक लांबलचक पत्र. लिहिणाऱ्याला भरून आले होते. वाढदिवस मार्चमध्ये असतो, पण त्याने काय बिघडते, पत्नी गेल्यापासून कोणी आठवण काढली नव्हती, असे त्याने लिहिले होते. मिल्टनने ते पत्र दोनदा वाचले आणि खुर्चीत खाली खाली सरकत गेला. उत्तर लिहायला घेतले. 'खरे म्हणजे' एवढे दोन शब्द लिहिले. मग ते खोडून 'उदंड आयुष्य लाभो' लिहिले. 'खरे म्हणजे' या दोन शब्दांपुढे त्याचे कधीच गेले नव्हते. त्याची तीस वर्षे त्यांच्या अलीकडेच गेली होती.

प्रोग्रॅमने मात्र फाईल उघडली. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा उमटल्या, गोल भोके उमटली, आणि मिल्टनच्या खांद्यावरून ग्लादिस आणि अमाउरी वाकून पाहू लागले. मग सगळ्यांत शेवटी, उजव्या खालच्या कोपऱ्यात, दोन मिलिमीटर उंचीची काही अक्षरे आली. आरशात दिसावीत तशी उलटी.

"ते काय लिहिलंय?" ग्लादिसने विचारले.

मिल्टनने पडद्यावर अंगठा ठेवला.

"अंगठा काढ ना, म्हाताऱ्या."

"धूळ आहे."

"मग पुस की."

अमाउरीने मान तिरकी केली. डॉक्टरांची चिठ्ठी वाचण्यात ज्याची हयात गेली त्याला उलट्या अक्षरांचे काय. पण मिल्टनचा अंगठा लोहाराच्या पोराचा होता, रुंद. त्याखाली एक अख्खे नाव मावले.

नाव होते ओदिला दुआर्ते, शेजारी साल.

ओदिला त्याच रस्त्यावर दोन घरे सोडून राहते. शिलाई मशीन दुरुस्त करते, मुलांना गणित शिकवते, आणि पोस्टमन चुकून तिच्याकडे टाकतो ते मिल्टनचे टपाल आणून देते. चौऱ्याण्णव साली ती तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. मिल्टनला पत्रा वाकवता यायचा, खोके बनवता यायचे, आणि गवळ्याला गप्पांत गुंतवून ते विकता यायचे. आत काय असावे हे ओदिलाने ठरवले. मिल्टनचे लग्न तेव्हा व्हायचे होते; तीन आठवडे ती त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून रेघा ओढत होती. पहिली मशीन विकली गेल्यावर साप्ताहिकाचा बातमीदार आला. ओदिला त्या दिवशी आईच्या ऑपरेशनसाठी मेर्सेदेसच्या इस्पितळात होती. "हे कोणी बनवलं?" त्याने विचारले. मिल्टन 'आम्ही' म्हणायला गेला आणि तोंडातून 'मी' निघाले. पुढच्या आठवड्यात दुरुस्ती छापायला सांगू, असे त्याने ठरवले. पुढच्या आठवड्यात दोन डोक्यांचे वासरू जन्मले आणि अंकात जागाच उरली नाही.

ओदिला आईला घेऊन परत आली, शाळेतली नोकरी सुटली, शिलाई मशीनवर पोट चालू लागले. ती याविषयी एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर मिल्टनने केव्हाच कबूल केले असते, असे त्याला मनापासून वाटे. मिल्टन तिला दर नाताळात एक केक पाठवत असे. वर्षे गेली तसा केक मोठा होत गेला.

तिसऱ्या वर्षापासून तो बोर्डावर काळी राळ ओतू लागला. गोठ्यात दमटपणा असतो, तारा गंजतात. राळेचे कारण अगदी खरे होते. खऱ्या कारणाचे एक बरे असते, त्याच्या मागे दुसरे एखादे कारण सहज उभे राहू शकते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मिल्टनची झाकली राळ साडेतीन हजार गोठ्यांत टांगलेली होती.

त्या दुपारी ग्लादिस बाजारात गेल्यावर त्याने भोके पाच मिलिमीटर सरकवली. हे करायला त्याला चार तास लागले. मग ती अक्षरे निवडली आणि एका बटनाने पुसली. याला एक क्षण लागला. अक्षरे नाहीतरी उलटी होती, म्हणजे चूकच होती, असे त्याने स्वतःला समजावले. स्वतःला समजावण्याचा त्याला सराव होता. फाईल मॉन्टेव्हिडिओच्या कारखान्याला पाठवून तो अमाउरीकडे माते प्यायला गेला, आणि तिथे कारण नसताना दोनदा हसला.

साठ बोर्ड अठरा सप्टेंबरला आले. पाऊस होता, म्हणून ग्लादिसने तोर्ता फ्रिता, म्हणजे पावसातल्या जाड पुऱ्या, तळायला घेतल्या होत्या, आणि वास आला म्हणून अमाउरी आला होता. नीबियाही संघाच्या गाडीतून उतरून काम कुठवर आले ते पाहायला आली होती. मिल्टनने तिघांसमोर पहिला बोर्ड हाती घेतला, नवा ट्रान्सफॉर्मर बसवला. चारही पाय भोकांत अलगद उतरले. त्याने मान वर केली. गेल्या दोन महिन्यांत मान वर करण्याची ही पहिली वेळ.

मग त्याने चिप बसवायला घेतली आणि मान परत खाली आली. बसत होती, पण पहिला पाय जिथे हवा तिथे आठवा येत होता. त्याने बोर्ड फिरवला. पुन्हा आठवा. अजून एकदा फिरवला. बोर्डाला चार कडा असतात. पाचव्यांदा फिरवून काही निराळे होत नाही, हे त्याला ठाऊक होते, तरी त्याने फिरवला.

"चिप दुसऱ्या बाजूनं लाव," अमाउरी म्हणाला. "पोटाकडून."

मिल्टन नाही म्हणणार होता. पण नीबिया घड्याळ पाहत होती. त्याने चिप पोटाकडून लावली, पाय उलटे मुडपून डाख दिला. घाईघाईने बाकीचे भाग बसवले, ट्रान्सफॉर्मर मात्र वरूनच राहिला, आणि बोर्ड पत्र्याच्या खोक्यात स्क्रूने आवळून बटन दाबले. यंत्र टिकटिकू लागले. चाचणीसाठी जोडलेल्या तारेवरचा दिवा काही लागेना. झटका कुठेतरी जात होता, तारेत जात नव्हता. तो कुठे जात होता हे अमाउरीने शोधले, कारण त्याने थर्मास खोक्यावर ठेवायला हात पुढे केला होता. थर्मास फरशीवर आदळून फुटला. अमाउरी जमिनीवर बसला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा सलग एक मिनिट कोणाला सल्ला दिला नाही.

"आता गाई मला आवडू लागल्या," तो नंतर म्हणाला.

नीबियाने वही मिटली. "डॉन मिल्टन, बारा दिवस आहेत."

दारात ओदिला उभी होती. हातात पोस्टाचे पाकीट, अंगावर रेनकोट. कोणी तिला बस म्हणाले नव्हते, म्हणून ती बसली नव्हती. "तुझं टपाल," ती म्हणाली, आणि पाकीट टेबलावर ठेवताना तिची नजर बोर्डाच्या गठ्ठ्यावर गेली. तिने एक उचलला. तांब्याची बाजू वर करून उजेडात धरला. मिल्टनला तीस वर्षांपूर्वीचे स्वयंपाकघर आठवले. तिथेही ती असेच धरायची, हात लांब करून, एक डोळा मिटून.

"हा आरशातला आहे," ती म्हणाली. "उलट छापलाय. साठही?"

"साठही," मिल्टन म्हणाला.

तिने बोटाने उजवा खालचा कोपरा चाचपला. मग, मोडलेल्या सुईबद्दल गिऱ्हाइकाला विचारावे तशा आवाजात विचारले, "इथे अक्षरं होती ना?"

पावसाचा आवाज येत होता. तव्यातल्या तेलाचा आवाज येत होता. मिल्टन टेबलावरचे सुटे स्क्रू गोळा करू लागला. ओदिलाने त्याच्याकडे पाहिले, फार वेळ नाही, आणि बोर्ड गठ्ठ्यावर नीट, कडेला कड लावून ठेवला.

"कारखान्याला फोन कर," ती म्हणाली. "उशीर केलास तर उद्या शनिवार."

फोन मिल्टनने लावला, पण नीबियालाही ऐकू यावे म्हणून ग्लादिसने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडे कारखान्याचा फोरमन होता. त्याने ऐकून घेतले आणि सुस्कारा सोडला.

"वाटलंच होतं, इंजिनिअर. तुमच्या फाईलमध्ये एकही अक्षर नव्हतं. बोर्ड वरून बघितलाय की खालून, हे आम्हाला कसं कळणार? म्हणून तर तांब्यावर काहीतरी लिहितात. अक्षरं सुलट आली की बाजू बरोबर. पडद्यावर ती उलटी दिसतात, दिसायलाच हवीत. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात." मग त्याला आपण कोणाशी बोलतोय हे आठवले असावे. "म्हणजे तुम्हाला माहीतच आहे म्हणा. जुन्या फाईलमध्ये होतं का काही? का गळून पडलं?"

"गळून पडलं," ग्लादिस मिल्टनच्या वतीने म्हणाली. "धूळ होती ती."

अमाउरीने जमिनीवरूनच मान वर केली. "धूळ नव्हती," तो म्हणाला. "शेवटी साल होतं, ऐंशी की नव्वद, काहीतरी. आधीचं अंगठ्याखाली होतं."

ग्लादिसने नवऱ्याच्या अंगठ्याकडे पाहिले. नीबियानेही पाहिले. मिल्टनने तो मुठीत घेतला. त्याचे कान इतके तापले होते की त्यांवर डाख वितळला असता. ओदिला रेनकोटची बटने लावत होती. एक, मग दुसरे, मग तिसरे. चौथे लावून झाले की ती जाणार, केक घेणार, टपाल आणणार, आणि हे असेच आणखी तीस वर्षे चालणार. तेवढी वर्षे दोघांकडे नव्हती.

"हॅलो," फोरमन म्हणाला. "आज रात्रीत छापायला लावतो, बुधवारी तुमच्याकडे. फक्त काय लिहू ते सांगा. काहीही चालेल. तुमची आद्याक्षरं टाकू का? एम आय?"

"नको," मिल्टन म्हणाला.

त्याचा आवाज त्यालाच लहान वाटला.

"खरं म्हणजे," तो म्हणाला, आणि या वेळी थांबला नाही, "तो बोर्ड माझा नाही. कधीच नव्हता. लिही, ओदिला दुआर्ते. आद्याक्षरं नको, सगळं नाव. पाच मिलिमीटर उंच."

चौथ्या बटनावरचा ओदिलाचा हात तसाच राहिला.

"पाच मिलिमीटर फार होतात," फोरमन म्हणाला. "नाहीतरी तुम्ही वरून काळी राळ ओतता. कोण वाचणार?"

"राळ यंदापासून पारदर्शक," मिल्टन म्हणाला.